गुंडीचं लेबल

सासूबाई नणंदेकडे गेल्या आणि त्याच आठवड्यात पाळणाघरात कांजिण्या निघाल्या, म्हणून मी गुंडीला कामावर घेऊन गेले. एरवी नेलं नसतं. एरवी मी तिला कुठेच नेत नसे.

गुंडी माझी मुलगी. सव्वा वर्षाची. शर्टाच्या गुंडीसारखी गोल, म्हणून गुंडी. अजून चालत नव्हती. सासूबाईंचं म्हणणं होतं की ती चालेल कशी, तू तिला खाली ठेवशील तेव्हा ना. मला ते पटत होतं आणि तरी माझ्याच्याने ठेववत नव्हतं. कॉलेजात असताना प्रॅक्टिकलला मी फरशीवरून बोट फिरवून ते एका बशीत टेकवलं होतं आणि दोन दिवसांनी त्या बशीत जे उगवलं होतं ते मी विसरलेले नाही. केसाळ होतं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये स्पिरिटची फवारणीची बाटली असते. गुंडी झाल्यावर दोन असतात.

घरी खिडकीत सासूबाईंनी रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरीचा एक वेल लावलाय. आमच्याच कंपनीच्या उकिरड्यावरून आणलेला, बुरशी लागली म्हणून फेकलेला. चांगला गजापर्यंत चढलाय. मी गुंडीला त्या खिडकीजवळ नेऊ देत नसे.

आमची कंपनी मसाल्याची रोपं करते. बियांपासून नाही, तुकड्यांपासून. वेलदोडा, मिरी, हळद, व्हॅनिला. एखाद्या चांगल्या झाडाचा कोंब घ्यायचा, तो काचेच्या बाटलीत ठेवायचा. बाटलीत साखर, क्षार आणि हार्मोन घालून शिजवलेली खीर असते, थंड झाली की ती थिजते. एक हार्मोन घातलं की एका कोंबाचे पाच कोंब फुटतात. दुसरं घातलं की मुळं सुटतात. माझं काम म्हणजे पांढरा कोट घालून, तोंडाला फडकं बांधून, स्वच्छ हवेच्या पेटीसमोर बसायचं आणि चिमट्याने वेलदोड्याचे कोंब वेगळे करून एकेक नव्या बाटलीत उभे करायचे. जगात इतकी स्वच्छ जागा दुसरी नसेल. म्हणूनच मला वाटलं, गुंडीला आणायला हरकत नाही.

दारावर लेबलकाका बसतात. आत जाणाऱ्या प्रत्येक सजीवाला लेबल लागतं, असा नियम आहे. पूर्वी एकदा, बाटल्या उजेडात ठेवतात त्या वाढ-खोलीत एक पाल सापडली होती आणि ती कोणाची, हे शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. त्यानंतरचा हा नियम.

"ही काय?" काकांनी विचारलं.

"मुलगी आहे, काका. माझी."

"ते दिसतंय. लेबल काय लावू?"

"लावायलाच हवं का?"

"ताई, बिनलेबलाचं आत सापडलं तर काय होतं, माहितीये ना तुम्हाला."

माहीत होतं. बिनलेबलाची बाटली आत सापडली की कोणी काही विचारत नाही, ती थेट वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये जाते. मी म्हटलं, लावा.

काकांनी चष्मा लावला. "जात?"

"म्हणजे?"

"वाण हो. सुधारित, गावठी, संकरित?"

"तिचे बाबा माझ्याहून उंच आहेत," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. मी गडबडले की खरं तेच बोलते.

"संकरित," काकांनी लिहिलं. "माध्यम?"

"दूध. आणि आता थोडा वरणभात."

"हार्मोन कुठलं?"

"कुठलंच नाही."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "मग वाढते कशी?"

ती वाढते का, हेच तर मी रोज तिला उचलून आरशासमोर धरून बघत असे.

"प्रकाश इथे, अंधार घरी," काकांनी स्वतःशीच म्हणत शेवटचा रकाना भरला आणि पुढे आमच्या घराचा पत्ता लिहिला. रोपांना दिवसातले काही तास अंधार द्यावाच लागतो. त्या एका ओळीमुळे संध्याकाळी मला गुंडीला घरी नेता येणार होतं, म्हणून मी त्यांचे आभार मानले. काकांकडे त्या दिवशी फक्त वेलदोड्याच्या लेबलांचा रोल शिल्लक होता. त्यांनी 'वेलदोडा' हा छापील शब्द पेनाने खोडला, वर 'गुंडी' लिहिलं आणि लेबल तिच्या फ्रॉकवर पाठीमागे चिकटवलं. खालचा छापील लॉट नंबर खोडायचा राहिला. तो मी पाहिला होता. मला वाटलं, नंबरच तर आहे.

दोन-चार दिवस छान गेले. वाढ-खोलीच्या काचेपलीकडे बाटल्या ठेवायचा एक प्लॅस्टिकचा क्रेट होता, तो मी स्पिरिटने पुसून घेतला, दोनदा, आणि त्यात गुंडीला बसवलं. मागे रॅकवर रॅक, प्रत्येकावर ट्यूबलाइट, आणि त्याखाली हजारो बाटल्यांतून हिरवे कोंब. गुंडी त्यांच्याकडे बघायची आणि मी काचेतून गुंडीकडे. रडायची नाही. माझ्या शेजारच्या पेटीवर जी बसते, जिच्याशी माझी मैत्री आहे आणि जिला कशाचंच काही वाटत नाही, ती म्हणाली, "शहाणी आहे गं. आमच्याकडचा एवढा मोठा झाला तरी एका जागी बसत नाही."

"कितीचा आहे?"

"चाळीस. नवरा म्हणतेय मी. उद्या लेबल लावून आणते, बघू कोणी नेतंय का."

मी हसले. आणि हसता हसता काचेतून बघितलं तर गुंडी क्रेटमधून वाकून खालची फरशी चाटण्याच्या बेतात होती. मी अशी उठले की कोपराचा धक्का लागून समोरची बाटली खाली गेली. वेलदोड्याचं तयार रोप होतं, मुळं आलेलं, दोन दिवसांत शेडमध्ये जायचं होतं. काच फुटली, खीर सांडली, रोप फरशीवर पडलं. फरशीवर पडलेलं परत घेत नाहीत.

"जाऊ दे, एकच तर आहे," मैत्रीण म्हणाली.

पण त्या एकामुळेच पुढे सगळं झालं.

सोमवारी मॅडमची फेरी असते. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य शास्त्रज्ञ. बोलायला अगदी मऊ. त्यांनी कधी कोणाला रागावल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि त्यांनी ठरवलेलं कधी बदलल्याचंही ऐकलेलं नाही. त्या क्रेटपाशी थांबल्या, गुंडीला फिरवून लेबल वाचलं, नंबर वाचला आणि मला बाहेर बोलावलं.

"तुमचं?"

"हो मॅडम. दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे, पाळणाघर…"

"छान आहे. पान टवटवीत आहे." त्यांनी गुंडीचा कान बोटांत धरून उजेडाकडे केला. "वरची वाढ उत्तम. मुळं कशी आहेत?"

"मुळं?"

"उभी राहते का?"

"मी धरलं तर राहते. चालत नाही अजून."

"वाटलंच. वरचं हार्मोन जास्त झालं की असं होतं. नुसतं फुटत राहतं, जमीन धरत नाही. तुम्ही सारखं उचलता का?"

मी गुंडीला उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला. मैत्रीण आतून, पेटीमागून म्हणाली, "सारखं, मॅडम."

"उचलायचं नाही. शेडमध्ये टाकू या तिला. हवा लागली, थोडं ऊन लागलं की धरेल." मग त्यांनी टॅबवर काहीतरी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आणि लॉट तोच आहे. वेलदोड्याच्या मोठ्या ऑर्डरमध्ये एक रोप कमी पडत होतं, मला सकाळपासून तेच टोचत होतं. म्हणजे जमलं की."

"मॅडम, ती मुलगी आहे."

"हो ना," मॅडम मायेने म्हणाल्या. "म्हणूनच तपासणी नीट झाली पाहिजे."

तरी मला वाटलं, तपासणीत सुटेल. कारण तपासणी बुरशीबाई करतात.

बुरशीबाई हे त्यांचं नाव नाही, काम आहे. हातात टॉर्च घेऊन त्या एकेक बाटली उजेडासमोर धरतात आणि कडेला कापसासारखा पांढरा ठिपका दिसला की लाल मार्करने फुली मारतात. भले भले त्यांच्या पावलांच्या आवाजाने घाम पुसतात. एकदा त्यांनी मॅडमची खास व्हॅनिलाची सगळी मांडणी फुल्या मारून काढून टाकली होती आणि मॅडम मऊपणे "बरं" एवढंच म्हणाल्या होत्या. बुरशीबाईंच्या फुलीवर कोणाचंच चालत नाही. फुली पडली की गुंडी ऑर्डरमधून सुटणार होती; फुलीनंतर कुठे, याचा मी तेव्हा विचारच केला नाही.

त्यांनी गुंडीला टेबलावर घेतलं. टॉर्च तोंडात मारला, कानात मारला. पायाच्या बोटांच्या बेचक्या बघितल्या. बोटं एकेक करून उलगडून नखं बघितली. मानेच्या वळ्या बाजूला केल्या, जिथे सगळ्या बाळांच्या काहीतरी अडकलेलं असतं, दुधाचं, मेणासारखं. तिथेही काही नव्हतं. मी रोज कापसाने काढत असे.

बुरशीबाईंनी टॉर्च बंद केला. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी वेगळं होतं. "इतका स्वच्छ नग," त्या म्हणाल्या, "मी या कंपनीत पाहिलेला नाही. कोणी केलंय हे?"

"मी," मी म्हटलं.

आणि खरं सांगते, मला आनंद झाला. सव्वा वर्षात कोणी मला असं म्हटलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, सोल पोरीची सालं. नवरा म्हणायचा, अगं, श्वास तरी घेऊ दे तिला. आणि इथे प्रत्यक्ष बुरशीबाई. मी सरळ उभी राहिले, शाळेत पहिला नंबर आल्यासारखी. त्यांनी कागदावर 'निर्दोष' असं लिहून खाली सही ठोकली आणि ती वाळण्याआधी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसले.

घरी येताच नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपट्टीच्या ऑफिसात आहे. नियमांना सरावलेला माणूस.

"लेबल काढून टाक," तो म्हणाला.

"बिनलेबलाचं कुकरमध्ये जातं."

"मग उद्यापासून नेऊच नको."

"लेबलावर आपला पत्ता आहे. गाडी घरून उचलते."

गुंडी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाचं बटण चघळत होती आणि मी ते बटण पुसत होते. "अर्ज केला तर?" तो म्हणाला.

"कोणाला?"

"हेच आमच्याकडे लोक विचारतात," तो म्हणाला. मग त्याने फोन हातात घेतला. "आईला फोन करू का?"

"नको. त्या म्हणतील, तुझ्याच स्वच्छतेनं घात केला."

"म्हणेलच," तो म्हणाला. त्याने फोन केला नाही, पण आपण केला असता तर आई काय म्हणाली असती, ते त्याने मला जेवताना तिच्याच आवाजात करून दाखवलं. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

दुसऱ्या दिवशी गुंडीला शेडमध्ये हलवलं. शेड म्हणजे बाटलीतून काढलेली रोपं बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून ठेवतात ती जागा. वर हिरवी जाळी, खाली माती, मध्ये प्लॅस्टिकचे बुटके बोगदे. बोगद्यात पाण्याचं धुकं सोडतात आणि प्लॅस्टिक रोज थोडं थोडं वर करतात. एकदम उघडलं तर रोप माना टाकतं. गुंडीला वेलदोड्याच्या ट्रेच्या रांगेत, उलट्या क्रेटवर, प्लॅस्टिकखाली बसवलं होतं. धुक्याने तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती खूश होती. मी रांगेच्या टोकाला उभी राहून जीव टांगणीला लावून बघत होते. इतकी माती, इतक्या जवळ.

दुपारी गिऱ्हाईक आलं. मी मनात एखादा राक्षस उभा केला होता. आले ते एक मळेवाले आजोबा आणि त्यांची बायको, दोघं हातात हात धरून, चपला शेडबाहेर काढून. मॅडमनी त्यांना रांगेतून फिरवलं. आजोबा प्रत्येक रोपापाशी वाकायचे आणि "वा" म्हणायचे. गुंडीपाशीही वाकले आणि म्हणाले, "वा. हिला ऊन किती?"

"कोवळं," मॅडम म्हणाल्या. "सावलीतलीच जात आहे."

"मग ओढ्याकाठी घालू. खड्डा घेऊन ठेवलाय, खत भरलंय." आजोबांनी अंदाज घेतला. "जरा रुंद करावा लागेल. तिसऱ्या वर्षी धरेल ना?"

"काय धरेल?" मी विचारलं. मला गप्प बसवेना.

"ही कोण?" आजींनी विचारलं.

"मातृरोप," मॅडम म्हणाल्या.

आजी माझ्याकडे वळल्या. प्रेमळ बाई होत्या, तोच तर वैताग होता. "काळजी करू नका हो. आम्ही दोघंच असतो, दुसरा उद्योग काय आम्हाला. सकाळ-संध्याकाळ पाणी घालीन. बोलते का ही?"

"अजून नाही."

"असू दे. बाकीचीही बोलत नाहीत."

जाताना त्या मागे वळून गुंडीकडे दोनदा बघून गेल्या. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

मैत्रीण डबा खाताना म्हणाली, "माणसं चांगली वाटली गं."

"तुझी द्यायची असती तर?"

"माझा दिला असता की. विचारलं मी त्यांना. नको म्हणाले, जुनं खोड धरत नाही." मग तिने माझं तोंड बघितलं आणि डबा बाजूला ठेवला. "हे बघ, एक सांगू? या कंपनीतून गाडीत न बसता बाहेर पडलेलं मी एकच पाहिलंय. कचरा."

"कचरा कुकरमध्ये जातो."

"बाटलीतला. शेडमधला नाही. शेडमध्ये फुली पडलेलं मागे उकिरड्यावर टाकतात. तिथून ज्याला हवं तो उचलून नेतो. तुझी सासू नाही का तो वेल घेऊन गेली?"

मी हातातला घास तसाच ठेवला. गाडीत चढवण्याआधी बुरशीबाई शेडमध्ये शेवटची तपासणी करतात. शेवटची फुली तिथे पडू शकत होती. गुंडी सुटायची असेल तर ती घाण असायला हवी होती. आणि तिला घाण करायचं माझ्याच हाती होतं. माझ्या, म्हणजे त्या बाईच्या, जी बटणं पुसते.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेले. गुंडीला रात्री आंघोळ घातली नव्हती. तेवढंच मला जमलं होतं, आणि त्या पापाने मला झोप आली नव्हती. रांगेमधली वाट ओली होती, धुक्याचं पाणी झिरपून काळी झालेली. त्यात शेवाळ होतं, कुजलेली पानं होती, एक गोगलगाय होती. मी गुंडीला हातांवर धरून उभी राहिले. खाली वाकले. पुन्हा उभी राहिले. माझा एक हात आपोआप पर्सकडे गेला आणि बाटली घेऊन आला. मी माती फवारणार होते. मुलीला मातीत ठेवण्याआधी मी माती निर्जंतुक करणार होते. हे लक्षात आल्यावर मी ती बाटली गोगलगायीपासून लांब, शेजारच्या ट्रेमध्ये ठेवली आणि डोळे मिटून गुंडीला खाली सोडलं.

काही झालं नाही. मी डोळे उघडले. ती पाय पसरून बसली होती आणि माझ्याकडे असं बघत होती की हे इतके दिवस कुठे ठेवलं होतंस. मग तिने दोन्ही मुठी मातीत खुपसल्या, भरून बाहेर काढल्या आणि एक तोंडात घातली.

माझ्या घशातून एक आवाज आला. मी पुढे झाले नाही. ते किती अवघड होतं, हे ज्यांना मुलं नाहीत त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांना आहेत ते मला हसतील. तिने चावलं. चेहरा केला. गिळलं. दुसरी मूठ भरली. मग मीच खाली बसले, बोटांनी काळा चिखल घेतला आणि तिच्या कानांमागे लावला, मानेच्या वळ्यांत भरला, जिथे मी सव्वा वर्ष कापसाने कोरत होते तिथे. गुंडीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळायला लागली. मी पण थोडी.

बुरशीबाईंची पावलं वाजली. मागे मॅडम होत्या, त्यांच्या मागे मळेवाले आजोबा आणि आजी. आजींच्या हातात डास बसू नयेत म्हणून जाळीची एक छोटी टोपी होती. बाहेर गाडी घुरघुरत होती.

बुरशीबाई गुंडीसमोर उकिडव्या बसल्या. टॉर्च लावला. कानामागे बोट फिरवून नाकाशी नेलं. तोंड उघडायला लावलं.

"माती आहे," त्या म्हणाल्या.

"खूप आहे," मी म्हटलं. "तोंडात पण. पोटात पण."

"माती म्हणजे बुरशी नाही. पुसली की झालं. आत नग निर्दोषच आहे." त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "तुमच्याकडे स्पिरिट असतं ना कायम?"

ती बाटली शेजारच्या ट्रेमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी उभी होती. आजी ती द्यायला पुढे झाल्या.

"पण मग घाण कशाला म्हणायचं?" मी विचारलं. आवाज चढला होता. "किती घाण असली म्हणजे फुली मारता तुम्ही?"

"किती हा प्रश्नच नाही," बुरशीबाई शांतपणे म्हणाल्या. कामाबद्दल कोणी विचारलं की त्यांना आवडत असावं. "डाग डागाच्या जागी राहिला तर तो डाग. शेजारच्याकडे पसरला तर दोष. पसरतं का, एवढंच मी बघते."

गुंडीला यातलं काही कळलं नसणार. तिला बुरशीबाईंच्या कोटाचं खालचं बटण दिसलं असणार, आणि बटणं ही तिची आवडती गोष्ट. तिने हात लांब करून कोटाची कड धरली. ओढली. मग, मी ज्याची सव्वा वर्ष वाट बघून दमले होते ते तिने तिथे, त्या चिखलात, माझ्या हातांशिवाय केलं. कोटाला धरून ती उभी राहिली. एक हात वर, दुसरा त्याच्या वर. पांढऱ्याशुभ्र कोटावर काळ्या पंजांची रांग गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चढत गेली. वर पोचल्यावर तिने नाक बुरशीबाईंच्या खांद्यावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पुसलं. मग त्यांच्या गालावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

शेडमध्ये फक्त धुक्याच्या नळ्यांची सूंसूं ऐकू येत होती.

बुरशीबाईंनी मान खाली घालून आपल्या कोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पसरतंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी खिशातून लाल मार्कर काढला आणि फ्रॉकवर पुढे, छातीवर, एक मोठी फुली मारली. टोक थोडं गळ्यावर आलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या.

"काही औषध नाही का यावर?" आजोबांनी विचारलं.

"नाही," बुरशीबाई म्हणाल्या. "हे असंच वाढत जातं."

एका माळ्याने गुंडीला दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून उचललं आणि शेडच्या मागच्या दाराने नेलं. मी पुढच्या दाराने धावत, वळसा घालून गेले. पायात चपला नव्हत्या, त्या मी कधी काढल्या ते आठवत नाही. उकिरड्यावर कुजक्या रोपांच्या ढिगावर गुंडी बसली होती, हळदीच्या पानाने स्वतःला वारा घालत. आणि दुसऱ्या बाजूने, हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत, आजी येत होत्या.

"आम्हाला टाकाऊ चालेल हो," त्या लांबूनच म्हणाल्या.

उकिरड्यावरचं जो आधी उचलेल त्याचं. मी पोचले, उचललं, छातीशी धरलं. चिखल माझ्या कोटावर, मानेवर, तोंडात आला. आजी थांबल्या. त्यांनी टोपी हातात उलटसुलट केली आणि ती माझ्याकडे दिली. "लागेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ढिगातून व्हॅनिलाचं एक मान टाकलेलं रोप निवडलं, त्याला फुंकर घातली आणि त्याच्याशी बोलत बोलत गाडीकडे गेल्या.

दारावर लेबलकाकांनी फुली बघितली आणि बाहेर जाऊ दिलं. टाकाऊ मालाची नोंद नसते.

संध्याकाळी सासूबाई परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी गुंडीकडे बघितलं. कानामागे वाळलेला चिखल, नखांत काळं, गळ्यावर लाल रेघ. मग माझ्याकडे.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "बाई बाई" म्हटलं, आणि शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे उभी राहिली?"

"राहिली."

"मग." त्यांनी गुंडीला माझ्याकडून घेतलं आणि मिरीच्या वेलापाशी, फरशीवर, फडकंसुद्धा न अंथरता उभं केलं. गुंडीने डब्याची कड धरली. मी बघत राहिले. पर्सकडे गेले नाही. स्पिरिटची बाटली शेडमध्येच राहिली होती, दुसरी होती, पण ती कुठे ठेवलीय ते मी आठवायचा प्रयत्न केला नाही.

आता गुंडी चालते. पाळणाघर उघडलंय, मी एकटीच कामावर जाते. तो लॉट केव्हाच गेला, पण वेलदोड्याच्या नव्या ऑर्डरी येत असतात, आणि एखादीत एक रोप कमी पडतंच. म्हणून तो फ्रॉक मी तिला एक दिवसाआड घालते. धुतला की फुली फिकट होते. वाळला की मी ती लाल मार्करने पुन्हा गिरवते. रस्त्यात एखादी गाडी थांबून घुरघुरायला लागली की तिचे हात हातात घेऊन नखं बघते. स्वच्छ दिसली तर मी तिला बागेत नेते, कोपऱ्यातल्या ओल्या वाफ्यापाशी खाली सोडते आणि शेजारी उभी राहून म्हणते, "खेळ. नीट खेळ. अजून कोपरं कोरडी आहेत."